डोक्यावर झाड असलेलं हरिण

न्यू जर्सीत डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो. मगरिब पावणेपाचच्या आत, सहा वाजून गेले की इशा, साडेसहाला जेवणं उरकलेली. मग पुढची रात्र संपता संपत नाही. बाहेर बर्फाळ वारा, आत हीटर. मिरजेत या वेळी आमच्या गल्लीत भाजीच्या गाड्या उभ्या असतात आणि अम्मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबरबात घेत असतात.

नाताळच्या सुट्टीला जोडून अर्धवेतनी रजा टाकली आणि अम्मींना घेऊन आम्ही धाकट्या भावाकडे तीन आठवडे राहून आलो. अम्मींचं वय ७८. गुडघे केव्हाच गेले, आणि काचबिंदूने नजर अशी केली आहे की समोरचं तेवढं दिसतं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. बाजूला कोण बसलंय ते मान वळवल्याशिवाय कळत नाही. लेकाचं घर एकदा बघायचं, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

नातवाच्या डोक्यावरून हात फिरला, पण बोलणं होईना. पुतण्या ९ वर्षांचा, तिथेच जन्मलेला. सकाळी "अस्सलामु अलैकुम, दादी" म्हणायचा आणि पळायचा. अम्मींना इंग्रजी येत नाही, त्याला उर्दूचे मोजून पन्नासेक शब्द येतात, तेही सगळे जेवणाचे आणि रागावण्याचे. "ये तो सलाम करके भागता," अम्मी आमच्याकडे तक्रार करायच्या. आम्ही पडलो मास्तर. मिरजेहून उर्दूचा कायदा नेला होता. रोज संध्याकाळी पुतण्याला अलिफ-बे घेऊन बसवायचो, आणि नंतर भावाला त्याच्या निष्काळजीपणाबद्दल व्याख्यान द्यायचो. चौथ्या दिवशी कायदा सोफ्याखाली सापडला. व्याख्यान मात्र आम्ही चालूच ठेवलं.

जायचे चार दिवस उरले असताना भावजयीने दिव्यांचा विषय काढला. तिकडे नाताळच्या दिवसांत मोठ्या मैदानांत, बागांत दिव्यांची आरास करतात आणि लोक ती गाडीतूनच पाहतात. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, उतरायचं नाही. त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर होल्मडेलला पीएनसी बँक आर्ट्स सेंटर म्हणून जागा आहे. उन्हाळ्यात तिथे उघड्यावर गाण्याच्या मैफली होतात, हिवाळ्यात तिथल्याच वाटांवर हे दिवे लागतात. पुतण्याच्या वर्गातली बहुतेक मुलं जाऊन आलेली. हा नाही.

का नाही, तर आमच्या भावामुळे. "आज दिवे बघायचे, उद्या घरात झाड आणा म्हणेल," असं त्याचं म्हणणं. त्याला हसण्यात अर्थ नाही. परमुलखात मूल वाढवणाऱ्या बापाला ही भीती असतेच, आणि ती अगदीच खोटी असते असं आम्ही म्हणणार नाही. हजरत ईसा अलैहिस्सलाम आपले पैगंबर, हजरत मरियम यांच्या नावाची सूरह कुरआनात आहे, पण ख्रिस्ती बांधव ज्या श्रद्धेने तो सण करतात ती श्रद्धा आपली नाही. एवढं मुलाला नीट सांगता येतं. आमच्या मते सांगावं आणि न्यावं. मुलाला नुसतं "नाही" म्हणून घरात बसवलं तर त्याच्या हाती फक्त "नाही" उरतं, कारण उरत नाही.

पण निर्णय आमच्या मताने झाला नाही. अम्मींनी विचारलं, "चलना पडता क्या?"

"नक्को अम्मी, गाडीतच बसायचं."

"फिर चलो."

आम्हाला आमचं लहानपण आठवलं. मिरजेत गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर मोठमोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात. त्यांवरचे दिवे बघायला अम्मी आम्हा भावंडांना न्यायच्या. अब्बांना ते फारसं पसंत नव्हतं. ते इशाला मशिदीत गेले की अम्मी बुरखा घालून निघायच्या, धाकटा कडेवर, आमचं बोट धरलेलं, आणि दोन-दोन तास चालायच्या. अब्बा परतायच्या आत आम्ही अंथरुणात असायचो. या गोष्टीची आठवण भावाला करून दिली तेव्हा तो काही बोलला नाही. उठून त्याने फोनवर तिकीट काढलं.

तिकीट गाडीवर असतं, माणसावर नाही. गाडीत दोन बसा नाहीतर सात. हे कळल्यावर अम्मी म्हणाल्या, मग शेजारच्यांनाही घ्या की.

मंगळवारी इशा पढून निघालो. भाऊ चालवायला, शेजारी भावजय. मधल्या रांगेत अम्मी आणि पुतण्या, मागे मुलांच्या खुर्चीत बांधलेली धाकटी पुतणी आणि गुडघे हनुवटीला लावून आम्ही.

भाऊ राहतो त्या गावाचं नाव एडिसन. १९५४ साली तिथल्या लोकांनी जुनं नाव बदलून हे घेतलं, कारण त्याच गावातल्या मेन्लो पार्क वस्तीत थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती. जिथे ती होती तिथे आता एक मनोरा आहे, टोकावर काचेचा भला मोठा दिवा. ३१ डिसेंबर १८७९ रोजी एडिसनने आपले विजेचे दिवे लोकांसाठी लावले तेव्हा ते पाहायला खास आगगाड्या भरून माणसं आली होती. पुढे १८८२ च्या नाताळात एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या घरी झाडावर ८० रंगीत दिवे लावले. विजेच्या दिव्यांनी सजलेलं नाताळाचं पहिलं झाड ते हेच. वाटेत हे सगळं आम्ही पुतण्याला सांगत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. वर्गात अशी पाठमोरी मुलं आम्हाला रोज भेटतात.

फाटकापाशी पुढचे दिवे बंद करायला सांगतात, फक्त लहान दिवे चालू. एफएमवर एक स्टेशन लावायचं, त्यावर नाताळची गाणी. आणि मग पायी चालावं त्या वेगाने गाडी सरकू लागते. दोन्ही बाजूंना दिव्यांची चित्रं. मूळ गोष्ट साधीच आहे. लोखंडी सळ्यांच्या चौकटी, त्यांवर एलईडीच्या माळा. दिवसा पाहिलं तर नुसते सांगाडे दिसतील. एक माळ विझते, शेजारची पेटते, की घोडा पाय उचलल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या मंडपातली धावत्या दिव्यांची युक्तीच ही. पूर्वीच्या बल्बांना एवढ्या आराशीसाठी केवढी वीज लागली असती! एलईडी फारच थोड्यात भागवतात.

अम्मी सरळ समोर बघत होत्या. समोर पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे.

"किधर है?" त्यांनी विचारलं.

सगळे एकदम बोलू लागले, उजवीकडे, डावीकडे, ते बघा, गेलं. अम्मींची मान वळेपर्यंत चित्र मागे पडायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, "रहने दो, तुम लोगां देखो." भाऊ आरशातून बघत होता. त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात पुतण्याने पट्टा सैल करून अम्मींच्या हनुवटीला हात लावला आणि त्यांचं तोंड हळूच आपल्या बाजूच्या खिडकीकडे वळवलं. "दादी, इधर." मग पुढचं चित्र यायच्या आधीच त्याने पुन्हा वळवलं. "दादी, अब उधर." काय दिसतंय हे त्यांना कळेना, नुसता धूसर उजेड. "क्या है बेटा वो?"

आता आली पंचाईत. सांगायचं कसं?

"दादी, हिरन है," तो म्हणाला. हा शब्द त्याला येत होता. तिकडे हरणं परसदारी येतात, आणि ती आली की भाऊ हिरन, हिरन म्हणून ओरडतो. "लेकिन... उसके सर पे झाड है."

आम्ही मागे बसून शब्द शोधत होतो. रेनडिअर. उर्दूत काय? मराठीत काय? बीएड झालेलं, वीस वर्षं दोन भाषा शिकवणारं आमचं डोकं कोरं.

"बारहसिंगा!" अम्मी म्हणाल्या.

"बारा... क्या?"

"बारहसिंगा. बारह सींगां वाला. गिन, बारह हैं क्या?"

त्याने काच उतरवली. थंडगार वारा आत आला, धाकटी पुतणी किंचाळली. आणि तो मोजू लागला, चक्क उर्दूत, सातपर्यंत उर्दूत आणि पुढे इंग्रजीत. अम्मींनी पुढचे आकडे सांगितले. मोजणी पुरी व्हायच्या आत हरिण मागे गेलं.

मग त्याने स्वतःच पुढे वाकून आईला रेडिओ बंद करायला लावला. दादीला ऐकू येत नव्हतं म्हणून. बर्फाच्या माणसाला तो "ठंडा आदमी" म्हणाला, अम्मींनी "बर्फ का पुतला" करून दिला. आगगाडी दोघांना येत होती. एक चित्र काय आहे ते कोणालाच कळलं नाही. अम्मी म्हणाल्या, ऊँट असेल. पुतण्या म्हणाला, नाही. अम्मी म्हणाल्या, तुला काय ठाऊक, तू ऊँट पाहिलायस कुठे? शेवटी दिव्यांचा लांब बोगदा लागला. तो चारही बाजूंनी पेटलेला. तिथे अम्मींना मान वळवावी लागली नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पुतण्याचा हात त्यांच्या हनुवटीवर तसाच होता.

बाहेर पडल्यावर घड्याळ पाहिलं. सगळा अर्ध्या तासाचा मामला.

परतीच्या वाटेवर भाऊ अम्मींना म्हणाला, "अम्मी, मिरज की कमानां याद हैं?" त्या म्हणाल्या, "तू कंधे पे सोता था. तूने क्या देखा!" रात्री त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली तेव्हा पुतण्याने बाटली आमच्या हातातून घेतली. दोन थेंब गालावर पडले.

आम्ही परत येऊन आता महिना झाला. दर जुम्म्याला व्हिडिओ कॉल येतो. पुतण्या काहीतरी दाखवतो, अम्मींनी नाव सांगायचं. चष्मा पुसून त्या फोन नाकाला लावून बघतात. गेल्या जुम्म्याला त्याने कचऱ्याच्या डब्याशी आलेला रॅकून दाखवला. डोळ्यांभोवती काळे पट्टे, शेपटीवर कडी. अम्मी म्हणाल्या, "बिल्ली है." तो म्हणाला, "नक्को दादी!" मग अम्मींनी बिज्जू म्हणून पाहिलं, मुंगूस म्हणून पाहिलं. शेवटी दोघांनी आमच्याकडे फोन फिरवला. आम्ही तीन शब्दकोश काढून ठेवले आहेत, अजून काही सापडलेलं नाही.