आधी बोटे, मग पेन्सिल
मुलाला चौथे वर्ष लागले की आपण त्याच्या हाती पेन्सिल देतो आणि अक्षर वाकडे आले की रागावतो. पण दोष मुलाचा नसतो; बोटांत अजून बळ आलेले नसते. लखनौमध्ये हिवाळ्यात घरोघरी मटार सोलतात. तिथे मुलालाही जवळ बसवा. शेंग फोडताना, दाणा चिमटीत धरताना बोटे तयार होतात. फक्त दाणा नाका-तोंडात जाणार नाही, इकडे लक्ष ठेवा. ताराबाई मोडकांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शिंपले, बिया, पाने हीच साधने होती. ओल्या कणकेला हात लावायला मूल कुरकुरले, तर आधी कोरडे पीठ द्या. नव्या धोरणानुसार पहिलीचे वय सहा आहे. मग घाई कशाला?