सायकल घेऊन दिलीत, पुढे काय?

आठ हजारांची गिअरवाली सायकल, वर हेल्मेट, आणि फिरवायची कुठे? तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये! एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात!! 'ट्रॅफिक बघतोस ना' असं ऐकवणारी मंडळीच रोज पोराला कारने शाळेत सोडून ते ट्रॅफिक वाढवतात.

अहो, बॅलन्स जमला म्हणजे सायकल आली असं नव्हे. उजव्या खांद्यावरून मागे बघताना हँडल हमखास उजवीकडे जातं. ते सरळ ठेवायला शिकवावं लागतं. उभ्या कारचं दार अचानक उघडेल एवढं अंतर ठेवणं, डावीकडे वळणाऱ्या बसच्या आतून न घुसणं, हे पार्किंगमध्ये कसं येणार?

रविवारी सकाळी सातला रस्ते त्यातल्या त्यात रिकामे असतात. पोरगं पुढे, तुम्ही मागे, किंचित उजवीकडे. म्हणजे तुम्हालाही सायकल चालवावी लागेल. (हो, रविवारी. सातला.)