प्रश्न किती विचारले, की कोणता विचारला?



निवडणूक जवळ आली की आपल्या मोबाइलवर एक पत्रक हमखास फिरतं. अमुक खासदारांनी संसदेत इतके प्रश्न विचारले, इतकी हजेरी लावली, इतक्या चर्चांत भाग घेतला. आपण ते वाचतो, खूश होतो किंवा नाक मुरडतो आणि पुढच्या ग्रुपवर ढकलून देतो. शाळेत मात्र आपण वहीची पानं मोजून गुण देत नाही, पानावर काय लिहिलंय ते वाचतो. मग लोकप्रतिनिधीच्या बाबतीत फक्त पानं मोजून का थांबायचं?

आकड्यांच्या बाबतीत आपला पुणे जिल्हा कुठे कमी नाही. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत बारामतीच्या सुप्रिया सुळे, मावळचे श्रीरंग बारणे आणि शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे या तिघांनीही प्रत्येकी सहाशेहून जास्त प्रश्न विचारले. तिघे एकाच पक्षाचे नाहीत, पण काम एकच, मंत्र्याला उत्तर द्यायला लावायचं. ही कौतुकाचीच गोष्ट आहे. आपलं कळंब इंदापूर तालुक्यात आणि इंदापूर बारामती लोकसभा मतदारसंघात, म्हणजे यातले काही प्रश्न आपल्या नावानेही विचारले गेले. पण त्यातला एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय?

सभागृहातली प्रश्नपत्रिका

आधी पद्धत समजून घेऊ. लोकसभेत अधिवेशनाच्या काळात सकाळी अकरा ते बारा हा प्रश्नोत्तराचा तास. प्रश्न किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात, आणि त्यावर लगेच पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्न दिवसाला २३०, त्यांचं उत्तर फक्त लेखी. वीस तारांकित प्रश्नांतलेही सगळे तासाभरात होत नाहीत, थोडेच तोंडी होतात. ही सगळी प्रश्नोत्तरं लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत वाचता येतात.

आपल्या विधानसभेचा प्रश्न तर व्याकरणाच्या तासाला घ्यावा असा असतो. ‘हे खरे आहे काय?’ अशी सुरुवात. मग ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही ठरलेली. ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि सगळ्यात लाडकं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ पहिल्याच भागाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की पुढचे सगळे भाग आपोआप गळून पडतात. म्हणून प्रश्नाचा पहिला भाग पक्क्या माहितीवर उभा असावा लागतो. गाव, तारीख, संख्या, सगळं नीट. माहिती कच्ची असली की मंत्री एका ओळीत सुटतात.

‘प्रश्न विचारून होतं काय?’ असं पालक म्हणतात. होतं. मंत्र्याने सभागृहात दिलेलं उत्तर कायमचं नोंदलं जातं. ‘करू’ म्हटलं तर ते आश्वासन ठरतं. लोकसभेत ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला वेगळी समिती आहे. भाषणातला शब्द वाऱ्यावर जातो, उत्तरातला शब्द कागदावर राहतो.

कौशल्याच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर

आता आपल्या पोरांच्या विषयाकडे येऊ. केंद्र सरकारची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. पुढे तिचा चौथा टप्पाही आला. तिच्याबद्दल वेगवेगळ्या पक्षांचे खासदार वर्षानुवर्षं प्रश्न विचारतात. किती जणांना प्रशिक्षण दिलं, किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, किती जणांना नोकरी लागली? पहिल्या दोन प्रश्नांना राज्यवार तक्ता मिळतो. तिसऱ्याला मंत्रालयाचं ठरलेलं उत्तर येतं. त्याचा आशय असा की, अल्पकालीन प्रशिक्षणानंतर नोकरी लागली का याची नोंद पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे २०१५-१६ ते २०२१-२२ या काळात, ठेवली जात होती. चौथ्या टप्प्यात मात्र उमेदवाराला आपला मार्ग स्वतः निवडण्यासाठी सक्षम करण्यावर भर आहे.

वाक्य गोड आहे. पण शिक्षकाच्या नजरेने वाचा. एखाद्या शाळेने सांगितलं की आम्ही मुलांना शिकवतो आणि प्रमाणपत्रही देतो, फक्त मुलं पास झाली का ते आता मोजत नाही, कारण आमचा भर मुलांना सक्षम करण्यावर आहे, तर तपासणीला आलेले विस्तार अधिकारी काय म्हणतील?

इथेच ‘किती’ आणि ‘कोणता’ यातला फरक कळतो. ‘किती जणांना प्रशिक्षण दिलं?’ हा सरकारला आवडणारा प्रश्न, कारण त्याचं उत्तर मोठं येतं. ‘मोजणं का थांबवलं, आणि परत कधी सुरू करणार?’ हा पुढचा प्रश्न अवघड, आणि आपल्या कामाचा तोच आहे.

राज्यातही तेच. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. प्रत्येक केंद्रात किमान दोन अभ्यासक्रमांत साधारण १०० तरुण शिकतील असं तेव्हा सांगितलं गेलं. २ मार्च २०२४ रोजी बारामतीत नमो महारोजगार मेळावा झाला, आपल्या भागातली कितीतरी पोरं फाइल घेऊन तिकडे गेली. त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, मुदत सहा महिने, जी पुढे वाढवली. यातले काही प्रशिक्षणार्थी शाळांमध्येही आले, वर्गावर उभे राहिले. मुदत संपली तेव्हा त्यांच्या हातात काय उरलं? उद्घाटनाच्या दिवशीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. वर्षभरानंतरचा आकडा विचारल्याशिवाय मिळत नाही.

कळंबला हे वेगळं सांगायला नको

कौशल्य म्हणजे काय हे आपल्या परिसराला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्यातूनच शेजारचं वालचंदनगर वसलं. आधी ऊस आणि साखर, मग साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं, आणि पुढे इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग. ज्या भागात एकेकाळी ओसाड माळ होता, तिथे फिटर, टर्नर, वेल्डर घडले. याचं कारण साधं होतं. शिकायची जागा आणि काम करायची जागा जवळजवळ होती. हात शिकला की त्याला काम होतं, आणि काम करताना तो आणखी शिकत होता.

आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता. वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, सगळं करत करत शिकायचं. शाळांमधला मूलभूत तंत्रज्ञान हा विषय तिथून आला. आठ-दहा आठवड्यांचा कोर्स, एक प्रमाणपत्र आणि एक फोटो, असं कौशल्य ना वालचंदनगरला रुजलं ना पाबळला.

आमदार मंत्री झाले, मग प्रश्न कोण विचारणार?

इंदापूरचा एक पेच आहे, त्याची चर्चा होत नाही. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, मंत्री उत्तर देतात. हर्षवर्धन पाटील १९९५ ते २०१४ इंदापूरचे आमदार होते, त्यातला बराच काळ मंत्री होते. २०१४ पासून दत्तात्रय भरणे आमदार आहेत. २०१९ ते २०२२ ते राज्यमंत्री होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात आले. शेजारच्या बारामतीचंही बरीच वर्षं हेच चित्र. मंत्रिपदाचा अभिमान वाटतो, कामंही होतात, ते नाकारायचं कारण नाही. पण विधानसभेत इंदापूरच्या नावाने ‘हे खरे आहे काय?’ असं विचारायला उठणारा सदस्य अशा वेळी उरत नाही.

म्हणून कुठला प्रश्न कुणाकडे द्यायचा हे आपल्याला ठाऊक हवं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, केंद्राची शिकाऊ उमेदवार योजना हे दिल्लीचे प्रश्न, ते खासदारांकडे. आयटीआयमधल्या निदेशकांच्या जागा, कौशल्य केंद्रं, युवा कार्य प्रशिक्षण, एसटी हे राज्याचे प्रश्न. आमदार मंत्री असतील तर त्यांना थेट निवेदन द्यावं, आणि सभागृहातल्या प्रश्नासाठी विधान परिषदेकडे वळावं. पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. तिथला आमदार निवडण्यासाठी माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे, प्राथमिकवाल्यांना नाही. ज्यांना ते मत आहे, त्यांनी ते फक्त वेतन आणि पेन्शनच्या प्रश्नांपुरतं ठेवायचं का?

आपण कोणते प्रश्न देऊ शकतो

प्रश्न असे असावेत की ‘उद्भवत नाही’ म्हणून सुटता येऊ नये.

• इंदापूर तालुक्यातल्या कौशल्य केंद्रांतून प्रमाणपत्र घेतलेल्यांपैकी किती जण एक वर्षानंतर त्याच कामात आहेत? नोंद ठेवत नसाल, तर का नाही?

• तालुक्यातल्या आयटीआयमध्ये निदेशकांची मंजूर पदं किती, भरलेली किती?

• २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख होईल असं उद्दिष्ट होतं. ते साल आलं आणि गेलं. पुणे जिल्ह्यात किती टक्के झालं?

• ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण वाडी-वस्तीवरच्या मुलीला शाळा सुटायच्या वेळी गाडी आहे का? पास मोफत आणि गाडी नाही, तर त्या पासाचा उपयोग काय?

• लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला ठरलेल्या मुदतीत द्यायचा असतो. जून-जुलैत, ऐन प्रवेशाच्या वेळी, आपल्या तालुक्यात मुदत उलटून गेलेले अर्ज किती होते?

यातल्या पहिल्या प्रश्नाची पक्की माहिती सरकारपेक्षा आपल्याकडे जास्त आहे. गेल्या पाच वर्षांत शाळेतून गेलेली पोरं आज कुठे आहेत? कोण आयटीआयला, कोण एमआयडीसीत कंत्राटावर, कोण घरी, कुणाचं लग्न लावून दिलं? एक साधी नोंदवही आणि महिन्याभराचे फोन, एवढ्यावर ती माहिती उभी राहते. नावं न लिहिता फक्त संख्या काढली तरी पुरे. अशा दहा शाळांच्या संख्या एकत्र आल्या, की खासदाराच्या हातात असा प्रश्न पडेल ज्याला ‘हे खरे नाही’ म्हणणं अवघड जाईल.

‘गुरुजी, यात पडू नका’

काही जण म्हणतील, शिक्षकाने राजकारणापासून लांब राहावं. प्रचारापासून लांब राहावंच. पण माहिती देणं हा प्रचार नव्हे. शिवाय निवेदनावर सही शिक्षकाचीच हवी असं कुठे आहे? प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हायस्कूलला पालक-शिक्षक संघ आहे. गावाला ग्रामसभा आहे. ठराव पालकांनी मांडावा, आकडे शाळेने नीट करून द्यावेत.

गोपाळ कृष्ण गोखले मुळात शिक्षकच, न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमधले. कौन्सिलात प्रश्न विचारायची मुभाच मुळी १८९२ च्या कायद्याने मिळाली, आणि पूरक प्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९ नंतर. तेवढ्याशा जागेत उभं राहून गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, पण प्रश्न कागदावर होता म्हणून तो पुन्हा पुन्हा काढता आला.

वर्गातही हे करता येईल. नागरिकशास्त्राच्या तासाला सभागृहातलं एक प्रश्नोत्तर फळ्यावर लिहा. मुलांना विचारा, मंत्र्यांनी कशाचं उत्तर दिलं आणि कशाचं टाळलं? मग प्रत्येकाला एक पूरक प्रश्न लिहायला सांगा. आपण मुलांना वर्षभर उत्तरं लिहायला शिकवतो, निदान एक तास प्रश्न लिहायला शिकवूया.

आणि पालकहो, पुढच्या वेळी ते पत्रक मोबाइलवर आलं की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, ‘यातला आपल्या पोरांचा प्रश्न कोणता, आणि त्याला उत्तर काय मिळालं?’