बाटली वर, सिलिंडर खाली

दोस्तांनो, सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे गाव तुम्हांला यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. डिसेंबर २०२१ मध्ये हे गाव एका वेगळ्याच कारणाने गाजलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातलं सामान जोडून एक छोटीशी जीप बनवली. खर्च आला सुमारे ६०,००० रुपये. गंमत म्हणजे ती सुरू व्हायची किक मारून, मोटारसायकलसारखी! उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि लोहारांचं भरभरून कौतुक केलं. पण ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, असंही त्यांनी लिहिलं. म्हणून त्यांनी जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झालीसुद्धा.

आता तुम्ही विचाराल, चांगली चालणारी गाडी, तिला नियम कशाला आडवे? अहो, गाडी चालणं हे अर्धंच काम झालं. पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाट उतरावा लागतो. तिथे इंजिन बंद पडलं तर फार तर खोळंबा होईल. ब्रेक गेला तर? घरी बनवलेली कुठलीही गाडी असो, तिची खरी परीक्षा थांबण्यात आहे. इंजिनिअरिंगची मुलं ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः बग्गी बनवतात, तिथेही आधी ब्रेकची परीक्षा होते. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झाली नाहीत, तर गाडी शर्यतीत उतरूच देत नाहीत.

या ब्रेकमधली एक साधी वस्तू आज आपण पाहू. ती म्हणजे ब्रेक ऑइलची बाटली.

पेडल दाबलं की ‘मास्टर सिलिंडर’मधला दट्ट्या पुढे सरकतो. त्याच्यासमोरचं ऑइल कोंडलं जातं. द्रव काही हवेसारखा दबत नाही, त्यामुळे तो दाब नळ्यांमधून थेट चाकांपर्यंत पोचतो. हाच तुमच्या पुस्तकातला पास्कलचा नियम. पेडल सोडलं की दट्ट्या मागे येतो, वरचं एक बारीक भोक उघडतं आणि लागेल तेवढं ऑइल बाटलीतून सिलिंडरमध्ये उतरतं. ब्रेकचे लायनर झिजत जातात तसं चाकाकडे जास्त ऑइल लागतं. ती भरपाई बाटली करते.

बहुतेक गाड्यांत ही बाटली सिलिंडरच्या डोक्यावरच बसवलेली असते. पण जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या खाली असायचा. ऑइल किती आहे हे बघायचं तर आधी खालचं झाकण काढा, धूळ झटका, मग वाकून आत डोकवा. आमच्याकडे कितीतरी वर्षं वडाप चाललं ते अशाच जीपवर! झाकण उघडताना चिमूटभर माती आत पडली की रबरी वॉशरची वाट लागलीच म्हणून समजा. घरी बनवलेल्या बुटक्या गाडीतही हीच अडचण येते, कारण पेडलजवळ जागाच नसते. यावर उपाय सोपा आहे. सिलिंडरच्या तोंडाशी नळी जोडायची आणि बाटली इंजिनच्या बाजूला, वर, डोळ्यांना दिसेल अशी बसवायची.

सोपा म्हटला खरा, पण इथेच लोक फसतात. दवाखान्यातली सलाइनची बाटली आठवा. ती नेहमी वर टांगलेली असते. इथेही तसंच, बाटलीतलं ऑइल आपल्याच वजनाने खाली आलं पाहिजे. नळी बाटलीपर्यंत सलग चढत गेली पाहिजे. मध्येच तिला उंटासारखी पाठ आली, तर त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकून बसतो. सिलिंडरमधून वर येणारी हवा मग बाहेर पडणार कशी? बाटलीच्या झाकणाला हवेची वाट लागते, आणि बाटली सायलेन्सरच्या नळीपासून लांब हवी.

या नळीत दाब जवळजवळ नसतो. म्हणून कुणी पेट्रोलची नळी लावतं, कुणी सापडेल ती पारदर्शक नळी. हा शुद्ध आळस. ब्रेक ऑइल हे नाव मुळात चुकीचं आहे. ते तेल नाहीच! ते ग्लायकोल जातीच्या रसायनांपासून बनतं. पाण्यात मिसळतं, रंगावर सांडलं तर रंग उडवतं, आणि भलतं रबर त्यात फुगतं किंवा मऊ पडतं. उलट कुणी नावाला फसून इंजिन ऑइल ओतलं, तर ब्रेकमधलं रबर फुगून सगळी यंत्रणाच बिघडते. नळी ब्रेक ऑइलसाठी बनवलेलीच घ्यायची.

हे रसायन हवेतली ओलसुद्धा शोषतं. ‘डॉट ३’ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकाजवळचं ऑइल तापतं, उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ दबते. पेडल थेट खाली! म्हणून जाणता ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरतो, आणि ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलून घेतो.

पालकांनो, बाटलीतली पातळी उतरलेली दिसली तर नुसती भर घालून मोकळे होऊ नका. लायनर झिजलेत किंवा कुठे गळती आहे, ते मिस्त्रीला बघायला सांगा.

आणि मुलांनो, गाडीला हात न लावता हे घरी पाहायचंय? औषधांच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज आणा, एक लहान, एक मोठी. मध्ये सलाइनच्या नळीचा तुकडा जोडा आणि सगळ्यांत पाणी भरा, हवा अजिबात नको. लहान सिरिंज दाबा. मोठीचा दट्ट्या थोडाच सरकेल, पण मित्राला तो अंगठ्याने रोखून धरायला सांगा, त्याची कशी दमछाक होते बघा. आता नळीत मुद्दाम थोडी हवा येऊ द्या आणि पुन्हा दाबा. बोटाला फरक लगेच कळेल. हा प्रयोग मोरीत करा, पाणी उडतं.