रिव्हेट ठोकणाऱ्या हातांना वाट द्या

अमेरिकेत घरी विमान बांधायला कायद्याची मान्यता आहे. मुख्य अट अशी, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे. ओरेगनमधील व्हॅन्स कंपनीच्या सुट्या भागांच्या संचांतून घडलेली अकरा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. त्यांचा पत्रा धरून ठेवतात अॅल्युमिनियमचे हजारो रिव्हेट.

वेल्डिंग का नाही? उष्णतेने या मिश्रधातूची ताकद घटते. रिव्हेट मात्र थंडच ठोकतात. एका बाजूने हवेवर चालणारी गन, मागे पोलादी ठोकळा. दांडा फुगून भोक घट्ट भरतो आणि मागे दुसरे डोके तयार होते. त्याची रुंदी दांड्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट, उंची निम्मी हवी. काम बिघडले, तर रिव्हेट ड्रिलने काढून नवा बसवायचा.

हे कौशल्य शिकता येते आणि मोजून तपासताही येते.

आपल्याकडे मात्र मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणीसाठी बरीच वर्षे झगडावे लागले; ती २०१७ मध्ये मिळाली. सुरक्षेची कठोर तपासणी हवीच, पण ती कामाची हवी, अर्जदाराच्या चिकाटीची नव्हे. १९५३ पासून चालणाऱ्या अमेरिकेच्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे जाणकार स्वयंसेवक बांधणी सुरू असतानाच काम पाहून सल्ला देतात. आपल्या नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएने हवाई दलातील निवृत्त तंत्रज्ञांना असेच काम द्यावे आणि प्रत्येक टप्प्याच्या तपासणीला मुदत ठरवावी.