भुकटी म्हणजे हाड नव्हे

सायनस लिफ्टनंतरच्या एक्सरेत पांढरा भाग दिसला की ‘हाड आलं’ असं समजणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना तसं समजू देणारे दंतवैद्यही आहेत. ही समजूत साफ चूक आहे.

वरच्या दाढा गेल्या की तिथलं हाड झिजतं आणि सायनसची पोकळी खाली उतरते. मग इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताचा खुंट, रोवायला पुरेसं हाड उरत नाही. म्हणून सायनस लिफ्टच्या शस्त्रक्रियेत पोकळीचं नाजूक अस्तर उचलून खाली जागा करतात आणि तिथे अनेकदा गुरांच्या हाडापासून केलेले दाणे भरतात. हे दाणे खनिजाचेच, त्यामुळे एक्सरेत ते पहिल्या दिवसापासून पांढरे दिसणारच. हाड त्यानंतर धरतं: आधी रक्ताची गुठळी, मग तिच्यात शिरणाऱ्या केशवाहिन्या, त्यांच्यामागून हाडपेशी. याला चार ते नऊ महिने लागतात. हा दवाखान्याचा वेळकाढूपणा आहे, असा आरोप करणाऱ्यांनी स्वीडनच्या स्टेफान लुंडग्रेन यांचं 2004 सालचं काम पाहावं. त्यांनी दाणे न भरता नुसतं अस्तर उचलून इम्प्लांट बसवले, तरी गुठळीच्या जागी हाड तयार झालं. म्हणजे वेळ लागतो तो शरीराला.

दाणे जागा राखतात, हाड रुग्णाचं शरीर घडवतं. हे एकदा मानलं की चंद्रपूर-गडचिरोलीत पहिली चौकशी खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, करावी लागते. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. सुपारीने तोंड उघडेनासं होतं. मग मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचणार कसं? गडचिरोलीत मुक्तिपथ अभियान खर्र्याविरुद्ध गावोगावी झटतं आहे. दंतवैद्यांनी ते काम आपलंच मानायला हवं.

दुसरी चौकशी हंगामाची. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे वाकणं, ओझं उचलणं, जोरात नाक शिंकरणं टाळायचं असतं, नाहीतर अस्तरावर ताण येतो आणि दाणे हलतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचणाऱ्या, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या, पावसाळ्यात रोवणीला वाकणाऱ्या बाईच्या हाती सूचनांचा छापील कागद देऊन काय साधणार? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा गाल सुजला तर तिने जायचं कुठे?

म्हणून तारीख धान घरात आल्यावर, हिवाळ्यात द्यावी. ज्यांचा खर्रा सुटत नाही किंवा ज्यांना काही महिन्यांनी परत येणं जमणार नाही, त्यांना इम्प्लांटचा आग्रह न धरता नीट बसणारी काढघालीची कवळी करून द्यावी.