विश्लेषण : लेबलवर ‘नाशिक व्हॅली’ आहे, मग घोड-भीमेचे नाव का नाही?

शिरूर तालुक्यातील इनामगाव हे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जगभर माहीत आहे. घोड नदीकाठच्या या गावात १९६८ पासून डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली बारा हंगाम उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती येथे सापडली. त्यांचे मुख्य धान्य जव होते आणि पिकाला पाणी देण्यासाठी त्यांनी पाट व बांध घातल्याच्या खुणाही मिळाल्या. आज याच पट्ट्यात कालव्याच्या आणि धरणाच्या पाण्यावर ऊस उभा आहे. भीमा ओलांडून दक्षिणेला गेले की दौंड तालुक्यातील रोटी येथे वाइनच्या द्राक्षांचे मळे आणि वायनरी आहे. बाटलीवर मात्र या खोऱ्याचे नाव नोंदणीकृत ओळख म्हणून येत नाही. ते येणे एवढे महत्त्वाचे का असते?

वाइनचा ‘प्रदेश’ म्हणजे नेमके काय?

वाइनच्या व्यापारात गावाचे नाव ही मालमत्ता असते. बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन, चियांती ही मुळात भूभागांची नावे आहेत. ती कोणी वापरायची हे कायद्याने ठरते. इटलीत चियांतीच्या सीमा १७१६ मध्ये फर्मानाने आखल्या गेल्या. हंगेरीच्या तोकायच्या सीमा १७३७ मध्ये, तर पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याच्या १७५६ मध्ये ठरल्या. फ्रान्सने १९३५ मध्ये स्वतंत्र संस्था नेमून कोणत्या हद्दीत, कोणत्या जातीची, एकरी किती द्राक्षे घ्यायची याचे नियम बांधले. माती, उतार, पाऊस आणि पिढ्यांची पद्धत मिळून चव घडते, अशी यामागची धारणा आहे. त्यात तथ्य आहे, पण नाव राखून भाव टिकवण्याचा धंदेवाईक हिशेबही तेवढाच आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ करारातील कलम २३ वाइन आणि मद्यार्काच्या भौगोलिक नावांना इतर मालापेक्षा जादा संरक्षण देते. ‘शॅम्पेनसारखी’ असे लिहिण्यालाही त्यात मज्जाव आहे. पुणे जिल्ह्याचा याच्याशी जुना संबंध आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली. कंपनीच्या मूळ नावातच ‘शॅम्पेन’ होते. पुढे ती इंडेज विंटनर्स झाली, आणि २००८च्या मंदीनंतर कर्जाच्या ओझ्याखाली अवसायनात गेली.

अपरिचित प्रदेशांतून काय दिसते?

पाठ्यपुस्तकी नियम सांगतो की चांगली वाइन ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात होते. इनामगाव साडेअठरा अंशांवर आहे, म्हणजे नियमाबाहेर. पण हा नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. जॉर्जियात आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांवर द्राक्षवाइनच्या खुणा सापडल्या आहेत. तिथे आजही जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत रस आंबवतात, आणि या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर वाऱ्यापासून बचावासाठी वेल टोपलीसारखा गोल वळवतात. अर्जेंटिनाच्या मेंदोझात पाऊस नगण्य, सारी शेती अँडीज पर्वतावरच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीखोऱ्याचे. ते विषुववृत्तापासून जेमतेम नऊ अंशांवर आहे. कोरडे हवामान आणि नदीचे पाणी यांच्या जोरावर तिथे वर्षातून एकाहून अधिक वेळा द्राक्षे काढता येतात. या खोऱ्याच्या वाइनला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे उष्ण कटिबंध हा अडसर उरलेला नाही.

मग महाराष्ट्रात अडते कुठे?

आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून शेतकरी त्याला छाटणीने वेळापत्रक लावतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. पावसाळ्यात घड धरायचा नाही, थंडीत साखर भरू द्यायची. दख्खनच्या पठारावर रात्री थंड होतात, त्यामुळे आंबटपणा काहीसा टिकतो. दौंड-शिरूर हा पर्जन्यछायेचा भाग, त्यामुळे केवड्यासारख्या रोगांचा त्रास कोकणाकडच्या बाजूपेक्षा कमी. पाणी मात्र हातचे लागते.

खरा पेच बाजाराचा आहे. थॉमसन किंवा जम्बो सीडलेसचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, मुंबईला पेट्या पाठवता येतात. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉ, शेनँ ब्लाँ यांचे मणी लहान, सालीने जाड आणि बियांचे. हे कोणी ताटात घेत नाही. वायनरीने उचलले नाही तर माल वेलीवरच राहतो. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्यात वायनरी झपाट्याने उभ्या राहिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. मंदी आल्यावर खरेदी आटली आणि अनेकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. कारखान्याला जाणारा ऊस यापेक्षा सुरक्षित वाटला तर शेतकऱ्याला दोष देता येणार नाही.

नावाचा प्रश्न इथेच येतो. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या अंजिराला ते २०१६ मध्ये मिळाले. रोटी किंवा अकलूजच्या वाइनसाठी असे नोंदणीकृत नाव नाही. मानांकनासाठी उत्पादकांची संघटना, ठरलेली हद्द आणि दर्जाचे नियम लागतात. भीमा खोऱ्यात मोजक्याच वायनरी, तीही वेगवेगळ्या समूहांच्या. रोटीची फोर सीझन्स युनायटेड स्पिरिट्सने उभारली, नंतर ती ग्रोव्हर झाम्पाशी संबंधित गुंतवणूकदारांकडे गेली. मालक बदलतो तेव्हा द्राक्ष उत्पादकाच्या हाती करारापलीकडे काही राहत नाही. प्रदेशाचे नाव असते, तर ते दुसऱ्या खरेदीदाराकडेही चालले असते.

आताच हा विषय का तातडीचा?

आयात वाइनवरील १५० टक्के सीमाशुल्काची भिंत खाली येऊ लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारानुसार पाच डॉलरवरील बाटलीचे शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आले, दहा वर्षांत ते ५० टक्क्यांवर येणार आहे. पंधरा डॉलरवरील बाटलीसाठी सुरुवात ७५ आणि शेवट २५ टक्के. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटींतही वाइन हा कळीचा मुद्दा राहिला. ‘बरोसा’ असे नाव घेऊन येणाऱ्या बाटलीशी बिननावाच्या बाटलीने लढायचे, ते फक्त किमतीवर.

देशांतर्गत विक्रीचा रस्ताही सोपा नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांवरील किराणा दुकानांत वाइन विकण्यास मुभा दिली. शेतकऱ्यांचे हित हे कारण सांगितले गेले. शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षही उतरला आणि निर्णय अमलात आला नाही. अण्णांचा आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही. या भागातल्या गावांनी दारूबंदीसाठी मोठी किंमत मोजली आहे. पण मग शेतकऱ्याने वाइनची द्राक्षे कोणाच्या भरवशावर लावायची, याचे उत्तरही त्या वादात कोणी दिले नाही.

इनामगावच्या उत्खननात शेवटच्या टप्प्यातली घरे लहान, गोल झोपड्या झालेली दिसतात. कोरड्या होत गेलेल्या हवामानामुळे शेती खचली आणि लोक पुन्हा शिकारीकडे वळले, असे ढवळीकरांचे मत होते. सध्या या पट्ट्यात पाण्याचा सर्वांत मोठा वाटा ऊस घेतो. ठिबकवरची द्राक्षबाग त्याहून बरीच कमी पाण्यात होते. तरीही रोटीच्या परिसराबाहेर वाइनची द्राक्षे फारशी पसरलेली नाहीत.